कुत्र्याला धरील कोण?



येत्या 4 ऑक्टोबरला ख्रिस्तसभा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करते. त्याच्या आठवडाभर आधी, 28 सप्टेंबरला, जगभर रेबीज दिन पाळला जातो. या दोन दिवसांच्या मधल्या रविवारी एका जरा वेगळ्या विषयावर आपल्याशी बोलावे असे आम्हाला वाटते.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आपल्या धर्मग्रामातील एका पाड्यावर सातवीतल्या एका मुलाला घरच्याच कुत्र्याने चावा घेतला. ते पिल्लू असताना त्यानेच चिकूच्या वाडीतून उचलून आणले होते. घरच्यांनी जखमेवर तिखट आणि चुना लावला आणि सारे भात लावणीच्या गडबडीत विसरून गेले. तिसऱ्या दिवशी ही गोष्ट धर्मशिक्षिकेच्या कानावर आली. त्याच दिवशी तिने मुलाला सरकारी रुग्णालयात नेले. सर्व सुया वेळेवर पूर्ण झाल्या आणि देवाच्या कृपेने तो मुलगा आज शाळेत जातो आहे. कुत्रे मात्र चार दिवसांत मेले.

आम्ही त्या घरी भेट द्यायला गेलो तेव्हा सहज विचारले, ‘कुत्र्याला लस का दिली नव्हती?’ त्यावर घरातली आजी म्हणाली, ‘फादर, सुई देणारा डाकतर येईल. पन कुत्र्याला धरील कोण?’

बंधुभगिनींनो, आजीबाईंचा हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्त नावाच्या विचारवंताचे मत वाचले होते. जनावर म्हणजे एक प्रकारचे यंत्र, असे तो मानी. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र त्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी सांगून ठेवले होते की, जो मुक्या जनावराशी दयेने वागतो त्याला माणसांशीही दयेने वागण्याची सवय लागते, आणि जो जनावराशी क्रूर होतो त्याचे मन माणसांच्या बाबतीतही निबर होते. तेव्हा हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा खरा अर्थ आपल्या पाड्यांवर फिरताना कळला.

पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर देव जनावरांना विसरलेला दिसत नाही. विश्रामाचा दिवस त्याने माणसाला दिला तसा बैलाला आणि गाढवालाही दिला. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्याला हात द्यावा, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही सोबत चालू लागतो. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजरसजवळ माणसे आली नाहीत, कुत्री आली. आणि विहिरीत पडलेला बैल विश्रामवारीही बाहेर काढायचा की नाही, असे प्रभू येशूने परुशांना विचारले तेव्हा ते निरुत्तर झाले.

आता कोणी म्हणेल, ‘फादर, आमच्या पोरांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणातही दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. तसेच गरिबाच्या दुःखावर खर्च करायचा पैसा जनावरांच्या लाडावर उधळणेही शोभत नाही. परंतु आपल्या पाड्यावर हे दोन खर्च वेगळे नाहीत. रेबीजने दगावणाऱ्या माणसांपैकी जवळजवळ सर्वांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही. मात्र गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने ही मोहीम नेटाने चालवली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाले. म्हणजे कुत्र्याला टोचलेली सुई आपल्या लेकराच्याच कामी येते.

1885 साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस देऊन वाचवले गेले. त्याचे श्रेय आपण लुई पाश्चर यांना देतो आणि ते योग्यच आहे. 28 सप्टेंबर हा त्यांचाच स्मृतिदिन. पण पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. प्रत्यक्ष सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. मोठे काम एका माणसाच्या नावावर जमा होते, परंतु ते पुष्कळ हातांनी होत असते.

जनावरांच्या दवाखान्यातही असेच असते. तेथे पशुवैद्य असतात, तसेच पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचरही असतात. घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडाला कापडाची पट्टी बांधणे, त्याला शांत करून धरणे, ताप पाहणे, जखमेतल्या अळ्या चिमट्याने एकेक काढून मलमपट्टी करणे, लस बर्फाच्या पेटीत थंड ठेवणे आणि नोंदवही लिहिणे ही यांची कामे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार राज्य सरकार पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करण्याची परवानगी देऊ शकते. मुंबईला परळ येथे 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात येते. आपल्या डहाणूतही, पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या जखमी समुद्री कासवांवर उपचार करून त्यांना पुन्हा समुद्रात सोडण्याचे काम झाले आहे. तेथेही कासवाला धरणारे, धुणारे, खाऊ घालणारे हात लागलेच असतील.

तरुणांच्या मेळाव्यात एका मुलीने सांगितले, ‘मला पशुसंवर्धनाची पदविका करायची आहे.’ दोन-चार मुले हसली. नंतर तिचे वडील आम्हाला भेटले आणि म्हणाले, ‘फादर, शेणात हात घालायला का आम्ही तिला बोर्डिंगात ठेवून शिकवली?’ त्यांचे दुःख आम्ही समजतो. मजुरीसाठी घर सोडावे लागलेल्या बापाला वाटते, लेकीने खुर्चीत बसावे. पण आम्ही त्यांना एवढेच विचारले, ‘तुमचा बैल आजारी पडतो तेव्हा तुम्ही कोणाची वाट पाहता?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘येणाऱ्याची.’

बंधुभगिनींनो, त्या येणाऱ्यांमध्ये आपली मुले का नसावीत? आमच्या वारली, कोकणा बांधवांच्या घरात जनावरांची जाण पिढ्यानपिढ्या आहे. वाघबारशीला आपले वाडवडील गुराढोरांच्या रक्षणासाठी एकत्र येत आले. ही जाण मागासलेपणाची खूण नाही, ती देवाने दिलेली देणगी आहे. तिला शिक्षणाची जोड हवी. ज्यांना पशुवैद्यच व्हायचे आहे त्यांनी बारावीला विज्ञान घेऊन नीट परीक्षेची तयारी करावी. ज्यांना तो मार्ग लांबचा वाटतो त्यांनी पदविकेची चौकशी करावी. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहिती घ्यावी. कागदपत्रांसाठी आमच्याकडे यावे, आम्ही सोबत येऊ.

आणि प्रत्येक घराने या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. आपले कुत्रे तीन महिन्यांचे झाले असेल तर त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी देत राहावे. कोणाला कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि सांगितलेल्या सर्व सुया पूर्ण कराव्यात. भगताकडे जायचे म्हणून एक दिवसही घालवू नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या परिपत्रकात लिहिले आहे की, इतर प्राण्यांविषयीची बेपर्वाई किंवा क्रूरता आज ना उद्या माणसांशी असलेल्या आपल्या वागण्यात उतरतेच. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या मुलाने थरथरणाऱ्या पिल्लाला हळुवार धरायला शिकले, तो पुढे आजारी आईचा हातही तसाच धरील.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून पुरते देता आलेले नाही. ते आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने द्यावे, अशी आम्ही वेदीपुढे प्रार्थना करीत आहोत.

हे प्रभो, तू गव्हाणीत जनावरांच्या सोबतीत निजलास. आमच्या दारातल्या मुक्या जिवांची काळजी घ्यायला आम्हांला शिकव आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना तुझा आशीर्वाद दे. आमेन.