लूथराचा पेला व आपले गाव

मार्टिन लूथराच्या घरी बिअर होत असे. त्याची पत्नी काथरीना ती स्वतः करी. मग वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी व्यर्थ काय? नव्हे. बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की, बिअरीत जव, हॉप वेलीची फुले व पाणी यांवाचून काही घालू नये. त्याने पेय शुद्ध राहिले. पिणारा शुद्ध राहिला नाही. म्हणूनच लूथराने स्वदेशीयांच्या अतिपानाचा कडक निषेध केला. इकडेही बंदी असता मोहाच्या भट्ट्या चोरून पेटतात. कायदा हात धरील, मन धरणार नाही. यास्तव, ‘मला पिण्याची मोकळीक आहे काय?’ असे न विचारता, ‘माझ्या पेल्याने कोणाची चूल विझते?’ असे प्रत्येकाने आपणांस विचारावे.