पावलांचा न्याय

जपानच्या प्रवासात क्योतोची मंदिरे आणि नारा येथील निर्भय हरणे आम्ही डोळे भरून पाहिली. तेथे आम्ही निव्वळ पाहुणे होतो. नागासाकीची निशिझाका टेकडी चढताना मात्र घरच्या माणसाच्या भेटीस निघाल्यासारखे वाटले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले, त्यांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. १९६२ साली उभारलेल्या स्मारकावर ते सारे एका ओळीत दिसतात; पावले खाली झुकलेली, जणू भूमीचा आधार सुटलेली. ते पाहून आम्हांला अभिमान वाटला, आणि त्याबरोबर एक निवाडाही मनात उमटला : श्रद्धा असावी तर अशी, बाकीचे सारे कच्चे.

त्या निवाड्याची परीक्षा त्याच शहरात झाली. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे नागासाकीत लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या वा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. या प्रतिमांना ‘फुमि-ए’ म्हणत. कित्येकांनी नकार दिला आणि प्राण गमावले. कित्येकांनी पाऊल ठेवले आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. धर्मगुरूंवाचून दोन शतकांहून अधिक काळ त्यांनीच मुलांना बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडोतोंडी जपल्या. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फादर पेतिजां यांच्यापाशी आले, आपली श्रद्धाही तीच असल्याचे हळूच म्हणाले, आणि त्यांनी मरियामातेची मूर्ती कोठे आहे असे विचारले.

यांच्या पूर्वजांना विश्वासघातकी म्हणावे काय? ‘मनात श्रद्धा असली की पावलाचे काय’ हे उत्तर सोपे आहे. पण पाऊल क्षुल्लक असते, तर पश्चात्तापाची प्रार्थना कशाला हवी होती? ‘पडला तो संपला’ हेही तितकेच सोपे. मग ती प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या का टिकली? त्यांनी आपल्या दुर्बलतेला शहाणपणाचे नाव दिले नाही. कोंबडा आरवल्यावर रडणाऱ्या पेत्राचीच ही वाट होती.

श्रद्धा उघड झाल्यावर त्यांचा छळ पुन्हा सुरू झाला. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले; सहाशेंहून अधिक मरण पावले. १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले. पुढे त्यांनी गावप्रमुखाच्या घराची जागा विकत घेतली. त्याच ठिकाणी त्यांना आणि त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमा तुडवावी लागत असे. ज्या जागेची लाज वाटावी, तेथेच त्यांनी चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने ते उद्ध्वस्त झाले. १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले.

आमच्यापुढे कोणी प्रतिमा ठेवीत नाही. पण बढतीसाठी केलेली खोटी सही, अन्याय दिसत असता धरलेले सोयीचे मौन, भावाच्या वाट्याची बळकावलेली जमीन, या ठिकाणी आमचे पाऊल कशावर पडते? आणि तुडवले, असे आम्ही निदान स्वतःशी तरी कबूल करतो काय?

संत गोन्सालो आम्हांला उभे कसे राहावे हे शिकवितात. उराकामीची ती माणसे पडल्यावर उठावे कसे, हे शिकवितात. आम्हांला दोघांचीही गरज आहे. टेकडी चढताना आम्ही दुसऱ्यांच्या पावलांचा न्याय करीत होतो. परतताना मात्र आमची दृष्टी आमच्याच पावलांकडे गेली.