गळा गेला, गाणे कुठे गेले?

भास्करबुवा बखले 1922 मध्ये पुण्यात वारले. हिंदुस्थानात ग्रामोफोनच्या तबकड्या निघू लागून तोवर वीस वर्षे झाली होती. तरीही बुवांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. गवयाचे सर्वस्व जो गळा, तोच असा पुसला गेल्यावर ‘बुवांचे गाणे अजून आहे’ असे जाणकार म्हणतात. हे नुसते भक्तीचे बोलणे, की त्यात काही तथ्य आहे? माणसामागे त्याचे नेमके काय उरते, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न इथे मैफलीत येऊन बसतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीच्या मुलखाला हा प्रश्न परका नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे देऊळ आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांचे पाय नामदेव उचलून जिथे ठेवू लागले, तिथे पिंड उगवली, अशी तिथली कथा सांगतात. गुरूने नामदेवांच्या हाती नवा देव दिला नाही. पाहायची रीत बदलून दिली. पुढचे अभंग नामदेवांनी स्वतःच्या मुखाने रचले.

बुवांचे शिकणे-शिकवणे याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. 1869 मध्ये बडोदा संस्थानातल्या कठोर गावी जन्मलेला हा मुलगा गोड गळ्यामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरची जागा गेली. मग त्याने गाणे मुळापासून धरले: बडोद्यात फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि शेवटी अल्लादिया खाँ. ब्राह्मण शिष्य आणि मुसलमान उस्ताद या नात्यात बुवांना धर्म आड आला नाही. बुवांनी तिन्ही तालमी आपल्या एका गळ्यात मुरवल्या.

त्यातल्या अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज आमलेट्याच्या दरबारात अतोनात गावे लागल्याने बसला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या नव्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी पेचदार, बलपेचांची गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली म्हणून आज ती ओळखली जाते. म्हणजे गुरू आणि शिष्य या दोघांनाही पहिला गळा गमवावा लागला होता. गाणे गळ्यातच राहत असते, तर दोघेही तिथेच संपले असते.

शिष्यांकडे पाहावे तर कोडे आणखी वाढते. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, पंजाबचे दिलीपचंद्र वेदी हे तिघे बुवांचे, पण एकाचे गाणे दुसऱ्यासारखे नाही. बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’ (1916) या नाटकातल्या बुवांच्या चाली भावाच्या अंगाने खुलवल्या. कृष्णराव मैफलीतून प्रभातच्या चित्रपटसंगीतापर्यंत गेले. वेदींनी ख्यालाचीच वाट धरली. तिघांतही बुवा आहेत, मग बुवा म्हणजे काय?

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद नागसेन भिक्खूंना विचारतो: काहीही एका देहातून दुसऱ्या देहात जात नसेल, तर पुनर्जन्म कसा? नागसेन उलट विचारतात, लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकलात ना? तो गुरूला सोडून तुमच्याकडे आला काय? राजा नाही म्हणतो. शिकवल्याने गुरूचा श्लोक कमी झाला नाही, आणि शिष्याला तो मिळालाही. आत्मा मानणाऱ्यांना एवढ्याने समाधान वाटणार नाही. ज्याने शिकवले तो कुठे गेला, हे ते विचारणारच. पण तालमीपुरते नागसेनांचे उत्तर चपखल बसते. शिष्याला गुरूचा कंठ मिळत नाही. कुठली जागा खरी लागली आणि कुठली नुसती घेतली, हे ओळखणारा कान त्याच्यात तयार होतो, आणि त्या कानावर तो स्वतःचा गळा पारखत राहतो.

आवाज जपून ठेवल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर काही काळ बुवांकडेही शिकल्या होत्या. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली आणि त्याच वर्षी 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ती तबकडी कोट्यवधी वर्षे टिकेल म्हणतात. पण ऐकून कोणी ‘पुन्हा घ्या’ म्हणणार नाही, चुकले तर टोकणार नाही. टिकणे आणि चालू राहणे यांत एवढा फरक आहे. तरी बुवांचा आवाज गेला तो गेलाच. परंपरेचे कितीही गोडवे गायले, तरी त्या आवाजाचा नाद कसा होता हे कोणाही शिष्याकडून कळणार नाही.

चालू राहिलेली गोष्ट मात्र कधीकधी भलत्याच दारी पोचते. 1911 मध्ये बुवांनी पुण्यात काढलेल्या भारत गायन समाजाची धुरा पुढे मास्टर कृष्णरावांनी वाहिली. याच कृष्णरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेला चाल लावली आणि ती ध्वनिमुद्रितही केली. आत्मा न मानणाऱ्या धम्माची वंदना स्वरांत बांधताना आळंदीत जन्मलेल्या या गवयाच्या कामी आली, ती खाँसाहेबांकडून बुवांना आणि बुवांकडून त्याला मिळालेली तालीम.