सभासदाचे कर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. पुढे होणारा परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य या चारही गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने जे कर्म आरंभिले जाते, ते तामस होय. येथे एक शंका संभवते. जो स्वतः शस्त्र हाती धरीत नाही, केवळ सभेत बसून शस्त्राच्या बाजूने मत देतो, त्यालाही हे लक्षण लागू पडते काय?

या शंकेचे समाधान महाभारताच्या सभापर्वात आहे. द्रौपदीच्या प्रश्नावर कौरवसभा मौन धरून बसली, तेव्हा विदुराने प्रल्हादाची कथा सांगितली. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा यांचा वाद निवाड्यासाठी प्रल्हादापुढेच आला. पुत्रस्नेहाने डळमळलेल्या प्रल्हादाने कश्यपांना धर्म विचारला. कश्यपांनी पापाची वाटणीच सांगितली. निंद्य कर्माची निंदा जेथे होत नाही, तेथे अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, चतुर्थांश प्रत्यक्ष कर्त्याकडे आणि चतुर्थांश मौन धरणाऱ्या सभासदांकडे. हे ऐकून प्रल्हादाने स्वतःच्या पुत्राविरुद्ध निर्णय दिला. मौनाचा हा हिशेब असेल, तर उघड संमतीचा हिशेब काय असेल, हे सुज्ञांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, भगवंतांनीच अर्जुनाला युद्धास प्रवृत्त केले ना? होय, परंतु ते युद्ध नगराबाहेर, योद्ध्यांचे योद्ध्यांशी होते. सारथी, शस्त्रे पुरविणारे आणि भेरी-शंख वाजविणारे यांच्यावर प्रहार करू नये, असे नियम दोन्ही पक्षांनी आरंभीच ठरविले होते. पुढे ते मोडले गेले, पण मोडणाऱ्यांना व्यासांनी निर्दोष म्हटले नाही. गर्भावर अस्त्र सोडणारा अश्वत्थामा तर शापितच ठरला.

हा शास्त्रार्थ राजकारणात आणू पाहणारा एक पुरुष चेन्नईत, त्या काळच्या मद्रासमध्ये, होऊन गेला. चक्रवर्ती राजगोपालाचारी, अर्थात राजाजी, हे महाभारताचे कथाकार आणि गीतेचे अभ्यासक होते. महासत्तांच्या अण्वस्त्र-चाचण्यांची विषारी धूळ तेव्हा गवतावर पडत होती, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून बालकांच्या अस्थींत उतरत होती. कोणाशीही युद्ध नसताना पाळण्यातल्या बाळावर हा प्रहार होता. 1962 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कोणतेही शासकीय पद नसताना, रं. रा. दिवाकर आणि बी. शिवराव यांच्यासह राजाजी अमेरिकेस गेले. 28 सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची त्यांनी भेट घेतली. दुसरा थांबेल तेव्हा आपण थांबू, अशी वाट न पाहता एकाने स्वतःहून थांबावे, ही त्यांची भूमिका होती.

वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार 5 ऑगस्ट 1963 रोजी मॉस्कोत झाला. 24 सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या सिनेटने 80 विरुद्ध 19 मतांनी त्यास संमती दिली. याचे श्रेय एका भेटीस देणे उचित नव्हे. फळावर अधिकार नाही हे जाणूनच राजाजी गेले होते. परंतु सभेतील मतही लोककल्याणाचे कर्म होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले.

याच सभेत 6 सप्टेंबर 2006 रोजी दुसरा प्रश्न आला. क्लस्टर बॉम्ब फुटताना असंख्य लहान बॉम्ब विखुरतो. त्यांतील कित्येक न फुटता शेतात पडून राहतात आणि युद्ध संपल्यावर नांगराखाली किंवा खेळणे समजून उचलणाऱ्या बालकाच्या हाती फुटतात. दाट नागरी वस्तीत वा तिच्याजवळ ते वापरू नयेत, अशी सूचना होती. बाजूने 30 मते पडली, विरुद्ध 70. सैनिकांचे रक्षण, शत्रूचे भय, अशी कारणे सत्तरांपाशी असतीलच. मोहापाशी कारणांचा तुटवडा कधी नसतो. परंतु भगवंतांनी सांगितलेल्या चार कसोट्यांपैकी पहिलीच, पुढील परिणामाची, येथे उत्तर मागते. परदेशाकडे बोट दाखवून आपलीही सुटका नाही. ही अस्त्रे वर्ज्य करणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 साली झाला. त्यावर भारताची स्वाक्षरी नाही.

गृहस्थाने यातून काय घ्यावे? सभासदाला सभेत पाठविणारे मत गृहस्थाचेच असते. तेव्हा उमेदवार दारी आला असता रस्ता आणि पाणी यांविषयी विचारावेच. पण परक्या मुलाच्या प्राणाचा प्रश्न आला तर तुम्ही कोणते मत द्याल, हेही विचारावे. उत्तर आपल्या पक्षाच्या वा नात्याच्या माणसाचे असले तरी प्रल्हादाप्रमाणे तोलावे. सर्व भूतांच्या हितात रत असणाऱ्यांनाच आपली प्राप्ती होते, असे भगवंतांनी म्हटले आहे. त्या सर्व भूतांत परक्याचे लेकरूही येते.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥