शुभमंगल आणि सावधान

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता आम्ही काही नवरदेवाला पळून जा म्हणत नाही, बरं का! त्याने सुखाने संसार करावा. पण तो शब्द मांडवातल्या यजमानाने कधी ऐकायचा?

विवाह हा संस्कार आहे. गृह्यसूत्रे उघडून पाहा, त्याला लागते काय? अग्नी, समिधा, तूप, ओंजळभर लाह्या आणि सात पावले. बाकीचा पसारा पाहुण्यांसाठी, आणि खरे बोलायचे तर शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी मांडवामागे जाऊन पाहावे. थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यांत तुडवलेला भात. सरकारने अशा ताटा-पेल्यांवर २०१८ साली राज्यात बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून देशभर घातली. तरी ते दिसतातच. अन्नाच्या वासाने गाय येते आणि खरकट्याबरोबर पिशवीही गिळते. ती पचत नाही, पुढेही सरकत नाही. पोट तिनेच भरते आणि दावणीला चारा असून जनावर खंगते. सकाळी गोग्रास काढायचा आणि संध्याकाळी गाईला हे खायला घालायचे! तैत्तिरीय उपनिषदात अन्नाचा अव्हेर न करण्याचे व्रत सांगितले आहे. आपल्या मांडवात ते कोण पाळतो?

आणि आपली लग्नसराई नेमकी विहिरी तळाला जातात तेव्हा. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लेकरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडली. ते डोळ्यांनी पाहिलेल्याला बाटलीतले अर्धे पाणी टाकून देववते कसे?

उपाय घरचेच आहेत. दिंडीत चालणारा वारकरी आपला तांब्या आपल्याजवळ ठेवतो. गावच्या सप्ताहाची ताटे-वाट्या देवळात असतील तर तीच लग्नाला घ्यावीत, घासून परत करावीत, देवळाला शक्तीप्रमाणे काही द्यावे. नसतील तर पळसाची पत्रावळ. ती उकिरड्यात गेली तरी खतच होते. पाण्याला रांजण. पंगत बसवावी, वाढप्याने विचारून वाढावे. उभ्याने जेवणारा ताटात डोंगर रचतो आणि निम्मा टाकतो. अक्षतांना चार दाणे पुरेत, पायली कशाला?

खरी अडचण पुढेच आहे. हे सगळे मुलीच्या बापाने सुचवले तर लोक त्याला चिक्कू म्हणतात. म्हणून तो गप्प राहतो, सावकाराकडे जातो, शेत गहाण टाकतो. कर्ज काढून लग्न करू नका, हे गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात कळवळून सांगत. तेव्हा सुपारी फुटते त्या बैठकीत हा विषय वरपित्यानेच काढावा. तो माळकरी असेल तर त्याने अगोदर काढावा: "व्याहीबुवा, दोनशे माणसे, एक गोड पदार्थ, पळसाची पत्रावळ, याउपर तुम्ही काही केलेत तर आम्हाला चालायचे नाही." हे ऐकून मुलीच्या बापाचा चेहरा कसा होतो, ते त्या बैठकीतच पाहून घ्यावे.