किती बॉलमध्ये?

सोयाबीन निघाले की शिरपूर जैनसारख्या वऱ्हाडातल्या गावात एखादे सपाट वावर टेनिसबॉलच्या सामन्यांना मोकळे होते. बांधाशी टेबल, टेबलावर वही, वहीपाशी एक पोरगा. सामन्यातले सर्वांत जबाबदारीचे काम त्याचे आहे, असे मी मानतो. एखाद्या फलंदाजाचे पन्नास झाले की चारही बाजूंनी प्रश्न येतो, ‘गड्या, किती बॉलमध्ये?’ तो रकान्यांवरून बोट फिरवतो आणि आकडा सांगतो. हा साधा आकडा क्रिकेटच्या बहुतेक आयुष्यात कोणालाच सांगता येत नव्हता.

इंग्लंडमध्ये आरंभी धावा काठीवर खाचा पाडून मोजत. आपल्याकडे दुधाच्या रतिबाच्या रेघा भिंतीवर ओढत, तसेच ते. खाचांवरून संघाची बेरीज कळे, तेवढेच. मग वही आली. तिच्यात फलंदाजाच्या नावापुढे त्याच्या धावा ओळीने लिहीत: एक, चार, दोन, एक. गोलंदाजाच्या चौकटीत प्रत्येक चेंडूची नोंद होई. धाव नसेल तर ठिपका. दोन्हीकडची बेरीज जुळली की स्कोरर समाधानी. पण तो ठिपका कोणत्या फलंदाजाने खेळला? ते वही सांगत नसे. फलंदाजाचे निर्धाव चेंडू कुठेच लिहिले जात नव्हते. म्हणून त्याचा वेग मोजायला एकच साधन उरे, भिंतीवरचे घड्याळ.

१९२० साली सरेच्या पर्सी फेंडरने नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध ३५ मिनिटांत शतक केले. चेंडू किती? जुन्या वहीवरून अभ्यासकांनी ताळा करून पाहिला, तर ४० ते ४६ च्या दरम्यान एवढेच हाती लागले. शिवाय मिनिटे ही एकट्या फलंदाजाची नसतातच. चेंडू झाडीत गेला, क्षेत्ररचना बदलली, गोलंदाज लांबून धावत आला, तरी घड्याळ चालूच. समोरचा संघ रेंगाळला की फलंदाज संथ ठरणार.

गोलंदाजाच्या बाबतीत मात्र जुनी वही पुरेशी होती. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला आपल्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. त्यांचा हिशेब ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी ‘एम’ काढायची स्कोररांची पद्धत आहे. त्या दिवशी त्या चौकटींत ‘एम’ची केवढी रांग लागली असेल! हा विक्रम शेवटच्या चेंडूपर्यंत मोजता येतो, कारण ठिपके गोलंदाजाच्या नावावर होते. त्याच ठिपक्यांवर फलंदाजाचे नाव नव्हते, एवढीच उणीव.

ती उणीव भरणारी ओळवार पद्धत ऑस्ट्रेलियन स्कोरर बिल फर्ग्युसनने विसाव्या शतकाच्या आरंभी रुळवली आणि पुढे बीबीसीच्या बिल फ्रिंडल यांनी ती घोटून पक्की केली. एका षटकाला एक ओळ. त्याच ओळीत गोलंदाज आणि दोन्ही फलंदाज. कोणता चेंडू कोणी टाकला नि कोणी खेळला, हे कायमचे बांधले गेले. मला ही क्रिकेटमधली मोठी क्रांती वाटते. बॅटीत किंवा खेळपट्टीत काहीही न बदलता वेगाचा अर्थ बदलला.

दोन्ही मोजमापे शेजारी ठेवायची तर १० जानेवारी १९८५ चा वानखेडेवरचा मुंबई-बडोदा सामना पाहावा. रवी शास्त्रीने तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले, हे सर्वांना आठवते. त्याचे द्विशतक ११३ मिनिटांत, १२३ चेंडूंत झाले. आधीचा विक्रम १२० मिनिटांचा होता, इंग्लंडचा गिल्बर्ट जेसप आणि वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड यांचा. मिनिटाला एकाहून अधिक चेंडू एकट्या शास्त्रीच्या वाट्याला आला, म्हणजे षटकेही झपाट्याने पडत होती. हे एकट्या मिनिटांवरून कधीच कळले नसते.

आणि मग आपल्या विदर्भातला दिवस. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध भारताचा सामना. लक्ष्य २२२. नुसते जिंकून भागणार नव्हते. धावगतीत ऑस्ट्रेलियाला मागे टाकले तरच गटात पहिला क्रमांक आणि उपांत्य सामना मुंबईत, नाहीतर लाहोरला. १९७५ मध्ये लॉर्ड्सवर १७४ चेंडूंत नाबाद ३६ करणाऱ्या सुनील गावसकरने नागपुरात, अंगात ताप असताना, ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे हे एकमेव शतक. ३२.१ षटकांत सामना संपला. घड्याळाकडे कोणी पाहिले नाही. चेंडूंच्या हिशेबाने संघाचा पुढचा मुक्काम ठरवला. लॉर्ड्सची आणि नागपूरची खेळी आज एकाच मापाने तोलता येते, कारण दोन्हीकडे चेंडू मोजलेले आहेत.

आता गावच्या स्पर्धेतही मोबाइलवरचे अ‍ॅप हे सारे आपसूक करते. बरेच आहे. पण मोबाइल बदलतो, पासवर्ड विसरतो, स्पर्धा संपली की खाते कोणी उघडत नाही. म्हणून शिरपूरच्या, मालेगावच्या, रिसोडच्या पोरांना माझी विनंती आहे: वहीही ठेवा. वर तारीख, मैदान आणि दोन्ही संघांची पूर्ण नावे लिहा, बाद कसा झाला ते लिहा, आणि प्रत्येक ठिपका ज्याने खेळला त्याच्या नावापुढेही टाका. सामना झाल्यावर ती वही मंडळाच्या कपाटात जपून ठेवा.