तोबियाने जपलेले औषध

डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढला जातो, पट्टी सुटते, म्हातारी आपल्या नातवाचे तोंड पाहते आणि आपल्या मनातील गोष्ट तेथेच संपते. छायाचित्रही त्याच क्षणाचे घेतले जाते. म्हातारीच्या हाती मात्र एक चिठ्ठी असते. तीत लिहिलेले थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून अनेकदा, पुढे हळूहळू कमी करीत महिना-सव्वा महिना घालावयाचे असतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे रोपण झाले असेल तर हेच व्रत कित्येक महिने चालते. तेव्हा ज्याने तिला शस्त्रक्रियेस राजी केले, त्याची जबाबदारी कोणत्या दिवशी संपते?

मांजरसुंब्यासारख्या गावी हा प्रश्न अधिकच टोचतो. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे नाक्याचे गाव. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीस जाणारे भाविक या बाजूने जातात. जिल्हा रुग्णालय बीडला, वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. याच जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. उसाचे पाते डोळ्यावर ओरखडा काढते, त्या जखमेत बुरशी रुजते आणि बुबुळावर फूल पडू लागते. यावरचे नाटामायसिनचे 5 टक्क्यांचे थेंब जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. यादीत असणे निराळे आणि फडावर मिळणे निराळे! ज्या औषधाचा खप थोडा आणि मुदत ठरावीक, ते लहान गावचा दुकानदार कशाला भरून ठेवील? त्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. पण औषध वेळेवर न मिळाल्यास व्रण खोल जातो, कधी बुबुळास भोक पडते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. त्या शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा हेच थेंब लागतात.

अशा वेळी शेजारधर्म जागा होतो. मोतीबिंदू काढलेली आजी आपली उरलेली बाटली पुढे करते : "मला गुण आला, तूही घाल बाबा." या हातातील माया खरी आहे. परंतु मोतीबिंदूनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. सूज उतरविणारे तेच औषध बुरशीच्या जखमेत घातले तर बुरशीला मोकळे रान मिळते. शिवाय उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्यावी लागते. तेव्हा हेतू निर्मळ असला म्हणजे कृती निर्दोष ठरते, असे आम्हांस म्हणवत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी तो कशाचा आहे हे विचारणे, हा प्रेमाचाच भाग मानला पाहिजे.

तोबीताच्या ग्रंथाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडून तोबीत आंधळा होतो; वैद्यांच्या लेपांनी त्याचे डोळे अधिकच बिघडतात. अखेर जे औषध लागू पडते, ते घरापासून दूर, तैग्रीस नदीतील माशाच्या पित्तात सापडते. राफाएल देवदूत होता; मनात आणता तर स्वतःच उड्डाण करून डोळे उघडता. तसे न करता तो तरुण तोबियाला कोणते पित्त, कशासाठी जपून ठेवायचे ते सांगतो आणि घरापर्यंत त्याच्याबरोबर पायी येतो. चिठ्ठी नीट वाचून, योग्य तेच औषध शोधून, एस.टी.ने गावी पोहोचविणाऱ्या माणसाला याहून चांगला सोबती कोठे मिळेल?

दयाळू शोमरोनीदेखील तेल-द्राक्षारस ओतून थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाला त्याने दोन दिनार दिले आणि अधिक लागेल ते परतताना देण्याचे कबूल केले. आपण बहुधा तेलापर्यंतच वाचतो.

बाटली मिळाली तरी एक गोष्ट राहतेच. बुरशीवरचे थेंब सुरुवातीला जवळजवळ तासातासाला घालावे लागतात, म्हणजे कोणीतरी उशाशी बसले पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. एकाचा डोळा गेला की दुसऱ्याचेही काम थांबते. मुकादमाची उचल अंगावर असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आंधळ्या तोबीताच्या घरीही त्याची पत्नी हन्ना मजुरीवर विणकाम करीत होती, म्हणून चूल पेटत होती. शिबिरांच्या जमाखर्चात मंडप, भोजन, वाहने, चष्मे यांचे रकाने असतात. उशाशी बसणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना आम्ही अद्याप पाहिलेला नाही.